ऐंशी निरुपद्रवी बदल

"अहो, हे गाढव कोण?"

शनिवारी सकाळी बायकोने हा प्रश्न विचारला तेव्हा टाचणीभाऊ दाढी करत होते. प्रश्नात काही धोका असेल असं त्यांना वाटलं नाही. आपल्या ओळखीतली गाढवं आठवण्यात त्यांनी थोडा वेळ घालवला, आणि मग साबण लावलेल्या गालांनिशी ते बाहेरच्या खोलीत आले. बायको संगणकासमोर बसली होती. ती शाळेत शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी प्रश्नपत्रिका टाइप करते. पण आज प्रश्नपत्रिका बाजूला पडली होती आणि पडद्याच्या मधोमध एक छोटी खिडकी उघडली होती. तिच्यात लिहिलं होतं, 'तक्रारवही २.५ चा अपडेट आला आहे. झालेले बदल वाचा.'

बायको ते बदल वाचत होती.

"'व्हर्जन २.२,'" तिने मोठ्याने वाचलं, "'तारखेच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं तरी प्रोग्राम बंद पडू नये अशी सोय केली. बिलिंगच्या टेबलावरच्या गाढवासाठी.' कोण हो हा?"

टाचणीभाऊ वाकून पडदा वाचू लागले.

ते पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ कारकून होते. एकही कागद टाचणी मारल्याशिवाय पुढे सोडत नाहीत म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव दिलं होतं, आणि आता खुद्द साहेबसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारत. सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स नावाची नवी प्रणाली आली आणि जुना तक्रारींचा प्रोग्राम चालेनासा झाला. तेव्हा टाचणीभाऊंनी पुस्तकं वाचून, डोकं आपटून, स्वतः एक प्रोग्राम लिहिला. कुठे नळ गळतोय, कुठे पाणी येत नाही, कुणाचं मीटर उलटं फिरतंय, सगळं त्याच्यात नोंदवायचं. नाव 'तक्रारवही'. गेली सहा वर्षं प्रत्येक नवं व्हर्जन पेनड्राइव्हवर घालून ते चाळीस टेबलांवर फिरत, आणि चाळीस टेबलांवरचे टोमणे ऐकत. "आलं का गळतीचं औषध?" हा त्यातला सभ्य टोमणा. टाचणीभाऊ उलट उत्तर देणाऱ्यांतले नव्हते. जागेवर परत येऊन ते एक फाइल उघडत आणि जे बोलायचं राहिलं ते तिच्यात लिहीत. फाइलचं नाव होतं 'बदलांची नोंद'. असल्या फाइली जगात कुणी वाचत नाही, या विश्वासावर सहा वर्षं मन मोकळं करणं चाललं होतं.

आणि मग त्यांना पेनड्राइव्हचा कंटाळा आला. तक्रारवहीचं रीतसर पॅकेज करायचं त्यांनी ठरवलं. पॅकेज म्हणजे प्रोग्राम नीट घडी घालून, आत काय आहे, कशावर चालतं, केव्हा काय बदललं याच्या चिठ्ठ्या लावून बांधलेलं गाठोडं. ते ऑफिसच्या मोठ्या संगणकावर एकदा ठेवलं की अपडेट आपोआप सगळीकडे जातो. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी गाठोडं बांधून झालं. तपासणी करणारी यंत्रणा म्हणाली, 'बदलांची नोंद जोडलेली नाही.' बाहेर शिपाई कुलूप वाजवत उभा होता. घाईघाईत टाचणीभाऊंनी त्यांच्याकडे त्या नावाची जी फाइल होती ती जोडून दिली.

"'व्हर्जन २.१,'" बायको पुढे वाचत होती, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "'पार्श्वभूमी पिवळी केली. बायकोच्या हट्टाखातर. प्रोग्रामला कावीळ झाल्यासारखी वाटते.'"

टाचणीभाऊंनी गालावरचा साबण पुसला, कारण अशा वेळी काहीतरी पुसत असणं बरं.

"पिवळा रंग मी हट्टाने करायला लावला?"

"म्हणजे, तू सुचवला होतास."

"छान झालाय म्हणाला होतात."

"तुला म्हणालो होतो."

"आणि इथे दुनियेला हे सांगताय." तिने प्रश्नपत्रिका उचलली आणि आतल्या खोलीत गेली. त्यानंतर दिवसभर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. शेजाऱ्यांशी मात्र बोलली.

टाचणीभाऊ खुर्चीत बसले आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की बायको ही फक्त सुरुवात आहे. नवा अपडेट आधी चाचणीसाठी दोन संगणकांवर येतो, एक त्यांच्या घरचा आणि दुसरा साहेबांच्या केबिनमधला. सोमवारी सकाळी साहेबांनी तो पाहून 'मंजूर' हे बटण दाबलं की पुढच्या मिनिटाला चाळीस टेबलांवर हीच खिडकी उघडणार. आणि फाइलीत साहेबांबद्दल काय काय होतं! २.० मध्ये होतं, 'साहेबांनी मागितलेलं लाल बटण दिलं. ते काहीच करत नाही. साहेब खूश आहेत.'

दुपारपर्यंत त्यांनी फाइल धुऊन काढली. गाढव गेलं, कावीळ गेली, लाल बटण गेलं. नवं गाठोडं बांधून, त्याला २.६ असा आकडा देऊन त्यांनी ते घरूनच ऑफिसच्या संगणकाकडे पाठवलं. क्षणात उत्तर आलं, 'जुन्या नोंदी खोडलेल्या आढळल्या. एकदा दाखल झालेली नोंद खोडणे नियमाला धरून नाही.'

हे वाक्य टाचणीभाऊंना ओळखीचं वाटलं, कारण ते त्यांनीच लिहिलं होतं. गेल्या वर्षीच्या बैठकीत, तक्रारींमध्ये खाडाखोड होते म्हणून तासभर भांडून हा नियम त्यांनी पास करून घेतला होता. नुसता करून घेतला नव्हता, तर यंत्रणेत तशी तपासणीसुद्धा स्वतः बसवली होती. दाखल झालेलं गाठोडं साहेबांनी नामंजूर केलं, तरच ते मुळात आलंच नव्हतं असं धरायचं, हे पोटकलमही त्यांचंच. त्या बैठकीत ज्यांनी विरोध केला होता त्यांच्याबद्दल फाइलीत एक वेगळी नोंद होती.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त बेलीफ आणि समोरचे दंतवैद्य असे दोघे विचारपूस करायला आले. म्हणजे बायकोने सगळं सांगितलं होतं.

"मुळासकट काढून टाका," दंतवैद्य म्हणाले. त्यांना बहुतेक अडचणींवर हाच उपाय माहीत होता.

"काढता येत नाही. तोच तर घोळ आहे."

"मग सोमवारी वीज गेली तर?"

"मंगळवारी येईल."

"माघारीचा अर्ज असेल की," बेलीफ म्हणाले. आयुष्य कोर्टाच्या नोटिसा चिकटवण्यात गेल्यामुळे जगात प्रत्येक संकटाला एक अर्ज असतो यावर त्यांची श्रद्धा होती. आणि ती खरी निघाली. अर्ज होता. त्यात 'माघारीचे सविस्तर कारण' असा रकाना होता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत मुख्य कार्यालयास.' सोबत मूळ नोंदीही जोडायच्या होत्या. चाळीस माणसांपासून जे लपवायचं ते चारशे माणसांना कळवायचा हा राजमार्ग होता. टाचणीभाऊंनी अर्ज घडी घालून बाजूला ठेवला. सवयीने त्याला टाचणीही मारली.

बेलीफ विचारात पडले. "नोंद खोडता येत नाही. वाढवता येते?"

"येते."

"मग वाढवा! एखादं कलम लोकांच्या नजरेत येऊ नये असं वाटलं तर त्याच्या आधी शंभर कलमं घालतात. माणूस बाराव्या कलमाला जांभई देतो आणि सही करतो. मी उभ्या जन्मात एकाला तेरावं वाचताना पाहिलं नाही."

भेदरलेल्या माणसाला कुठलाही सल्ला पटतो. रविवारची सगळी सकाळ टाचणीभाऊ अशा नोंदी लिहीत बसले की त्या वाचून माणसाची जगण्यावरची वासना उडावी. 'रकाना क्रमांक सातची रुंदी एका ठिपक्याने वाढवली.' 'रकाना क्रमांक सातची रुंदी पूर्ववत केली.' 'मदतीच्या पानावरील दुसऱ्या परिच्छेदातील स्वल्पविराम तपासला. योग्य आढळला.' शंभरचा बेत होता, पण ऐंशीनंतर त्यांना स्वतःलाच झोप आली. सगळ्या जुन्या नोंदी खाली जशाच्या तशा आणि वर या ऐंशी, असं २.६ चं गाठोडं त्यांनी पाठवलं. यंत्रणेने ते निमूटपणे घेतलं. टाचणीभाऊंचा जीव भांड्यात पडला आणि ते चहा करायला स्वयंपाकघरात गेले. दोन कप केला. तह करायचा होता.

चहा घेऊन बाहेर येतात तो बायको संगणकासमोर. घरच्या संगणकावर २.६ आलं होतं आणि ती ते वाचत होती.

"अहो," ती म्हणाली. कालपासूनचा हा पहिला शब्द. पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच टाचणीभाऊ जास्त घाबरले. "हे साहेबांच्या डोळ्यांचं खरं आहे?"

"कुठलं?"

"१.९. 'अक्षरं दीडपट मोठी केली. साहेबांना दिसेनासं झालं आहे. ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून मीही कुणाला न सांगता केली.'"

टाचणीभाऊंनी दोन्ही कप खाली ठेवले.

ते ही नोंद विसरलेच होते. तीन वर्षांपूर्वी एक तक्रार घेऊन ते केबिनमध्ये गेले असताना साहेबांनी ती बराच वेळ पाहिली, 'बरोबर आहे' म्हणाले, आणि सही केली. कागद उलटा होता. टाचणीभाऊंनी तो घेतला, बाहेर आले, आणि त्या दिवसापासून तक्रारवहीतली अक्षरं मोठी झाली. साहेबांचा चष्मा रोज घरी राहतो, म्हणून केबिनमध्ये जो जाईल त्याने कागद वाचून दाखवायचा, अशी ऑफिसची पद्धत पडली होती. लोकांना वाटे, साहेब विसराळू आहेत. गेल्याच वर्षी भांडार विभागाच्या अधिकाऱ्यांना कमी ऐकू येतं हे वर कळलं, आणि पंधरा दिवसांत त्यांचा निरोपसमारंभ झाला. भाषणं त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत. साहेबांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि घरी माणूस नव्हतं. ऑफिस हेच घर.

सहा वर्षं टाचणीभाऊंनी त्या फाइलीत जेवढं विष ओतलं होतं, त्यातलं कशानेच कुणाचं फारसं वाकडं होणार नव्हतं. जे एक वाक्य मायेने लिहिलं होतं, त्याने साहेबांचं वाटोळं होणार होतं.

"ऐंशी नोंदींच्या खाली आहे गं ते," ते पडेल आवाजात म्हणाले.

"मी पोचले ना?"

टाचणीभाऊंनी एक कप तिच्यापुढे सरकवला.

"चाळीसांतला एक तरी वाचणारच. आणि ते बिलिंगचं गाढव स्वतःचं नाव शोधत शोधत खालपर्यंत जाणार," बायको म्हणाली. "साहेबांना आधी सांगा. ते नामंजूर करतील."

"अगं, पण सांगायचं म्हणजे कुठे आहे ते दाखवावं लागणार. मग लाल बटण, बाकीचं सगळं..."

"हो," बायको म्हणाली आणि चहाचा कप उचलला.

दुपारी टाचणीभाऊंनी साहेबांना फोन लावला. तिकडून "बोला" असं ऐकू आलं. "काही नाही साहेब, सहज केला," ते म्हणाले. साहेबांनी विचारलं, "रविवारी?" टाचणीभाऊंनी होकार दिला आणि फोन ठेवला. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत त्यांनी साहेबांना सहज म्हणून केलेला हा एकमेव फोन.

सोमवारी ते पाऊण तास आधी ऑफिसात पोचले आणि केबिनबाहेरच्या बाकावर बसले. सगळे येऊ लागले, बिलिंगचं गाढवही आलं. "काय भाऊ, नवं गळतीचं औषध कधी?" त्याने विचारलं. टाचणीभाऊ नुसते हसले. दहाला पाच मिनिटं असताना साहेब आले, भिंतीला हलकेच हात लावत केबिनमध्ये गेले, आणि पाच मिनिटांनी घंटी वाजली.

"या टाचणीभाऊ. तुमचं काहीतरी आलंय वाटतं," साहेब पडद्याकडे पाहत म्हणाले. पडद्याकडे म्हणजे पडद्याच्या जरा डावीकडे. अपडेटची खिडकी ऑफिसच्या यंत्रणेची होती, तिच्यातली अक्षरं मोठी करणं टाचणीभाऊंच्या हातात नव्हतं. ती मुंगीएवढीच होती. "आज नेमका चष्मा घरी राहिला. जरा वाचून दाखवता?"

टाचणीभाऊ खुर्चीच्या काठावर बसले आणि वाचू लागले. "'रकाना क्रमांक सातची रुंदी एका ठिपक्याने वाढवली.'"

"बरं."

"'रकाना क्रमांक सातची रुंदी पूर्ववत केली.'"

"बरं."

बेलीफांच्या हिशेबाने साहेब तेराव्या नोंदीला कंटाळायला हवे होते. तेरावी गेली. विसावी गेली. शिपायाने आणलेला चहा टेबलावर गार झाला. साहेब हाताची घडी घालून, डोळे मिटून, एकेक नोंद ऐकत होते आणि प्रत्येकीला 'बरं' म्हणत होते. टाचणीभाऊंनी आवाज बारीक केला, मग एकसुरी केला. चाळिसाव्या नोंदीला त्यांनी हळूच सुचवलं, "साहेब, बाकीच्या अशाच आहेत." साहेब म्हणाले, "असू देत. कुणीतरी कष्टाने लिहिल्यात." ऐंशीवीही गेली.

खाली जुन्या नोंदी सुरू झाल्या. टाचणीभाऊंचे डोळे एक वाचत होते आणि तोंड दुसरंच बोलत होतं. "'व्हर्जन २.२. बिलिंगच्या... बिलिंग विभागातील कर्तव्यदक्ष सहकाऱ्यांच्या सूचनेनुसार तारखेच्या रकान्यात सुधारणा. व्हर्जन २.१. रंगसंगती प्रसन्न केली. व्हर्जन २.०. साहेबांच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली लाल बटणाची सोय.'"

"वा," साहेब म्हणाले. "झालं का? दाबू मंजूर?" आणि त्यांचा हात टेबलावर माउस चाचपडू लागला.

इथे गप्प बसलं असतं तर टाचणीभाऊ सुटले असते. साहेबांनी मंजूर केलं असतं, गाढव दोन दिवस रुसलं असतं. टाचणीभाऊंनी त्या चाचपडणाऱ्या हाताकडे पाहिलं. तो माउसच्या बाजूने दोनदा गेला आणि रिकामा परत आला.

"थांबा साहेब. एक राहिली," ते म्हणाले, आणि १.९ जशी लिहिली होती तशी वाचली.

साहेबांनी डोळे उघडले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची टाचणीभाऊंची हिंमत होईना. ते टेबलावरच्या गार चहाकडे बघत राहिले.

"तीन वर्षांपूर्वी?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मला वाटलं होतं, डोळे सुधारले." साहेब हळूच म्हणाले. "एका सकाळी येऊन बसलो तर सगळं स्पष्ट दिसायला लागलं. मी डॉक्टरांना सांगितलं तुमच्या थेंबांनी गुण आला म्हणून. पेढे नेऊन दिले त्यांना."

टाचणीभाऊंना रडू येईल असं वाटलं. "चुकलं साहेब. लिहायला नको होतं. हे मंजूर झालं तर चाळीस जण वाचतील. तुम्ही नामंजूर करा. केलं की आधीच्या २.५ सकट सगळं पुसलं जातं, मग मी स्वच्छ नोंद जोडून परत पाठवतो."

"नामंजूर कुठे आहे?"

टाचणीभाऊंनी साहेबांचा हात धरून माउसवर ठेवला आणि बाण बरोबर जागी नेला. बटण साहेबांनीच दाबलं. 'नामंजुरीचे कारण लिहा,' असा रकाना आला.

"लिहा," साहेब म्हणाले, "'नोंदी अकारण लांबलचक आहेत. तूर्त रकाना सातला हात लावू नये.'"

टाचणीभाऊंनी लिहिलं. खिडकी मिटली. बाहेरच्या चाळीस टेबलांवर काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्याइतकी गोड गोष्ट त्यांनी आयुष्यात अनुभवली नव्हती. ते उठले. "येतो साहेब."

"बसा."

ते बसले.

"पहिल्या ऐंशी तुम्ही जीव मुठीत धरून वाचल्यात, आणि नंतरच्या सगळ्या साखर घालून," साहेब म्हणाले. "मला दिसत नाही, भाऊ. ऐकू येतं. ते लाल बटण मी रोज सकाळी आल्या आल्या दाबतो. त्याने काही होतं का?"

"...नाही साहेब."

"वाटलंच." साहेबांनी गार चहाचा कप शोधून स्वतःकडे ओढला. "तुमच्याकडे ती मूळ फाइल असेलच. दार लावून घ्या, आणि अगदी पहिल्यापासून वाचा. जशी लिहिली आहे तशी. सत्तावीस वर्षं माझ्याशी सगळे साखर घालूनच बोलतात."

टाचणीभाऊंनी दार लावलं. खिशातला पेनड्राइव्ह काढून जोडला, फाइल उघडली, आणि सुरुवात केली.

"'व्हर्जन १.१. साहेबांना यातलं काडीचंही कळत नाही.'"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पुढे?"